राजवाडा बटणाएवढा

राजवाडा शर्टाच्या बटणाएवढा आहे असा म्हैसूरचा एकच नकाशा माझ्या पाहण्यात आला. बटण वरच्या उजव्या कोपऱ्यात, चार भोकांसकट. बाकीचा सगळा कागद अग्रहार नावाच्या जुन्या वस्तीतल्या पाच-सहा गल्ल्यांनी अडवलेला. त्यांत शड्डू ठोकणारा तालमीतला पहिलवान, वीणेच्या पोटाला कान लावून बसलेला कारागीर, खुर्चीत झोपी गेलेले बासरीचे गुरुजी, कॉफी भाजणारी बाई, रस्त्याच्या मधोमध बसलेली गाय, आणि या सगळ्यांपेक्षा मोठी अशी, खिडकीत बसलेली एक नटी. तिच्या हातात विडा आहे आणि चेहऱ्यावर आपल्याला ओळखल्यासारखा भाव.

ज्यांनी हा नकाशा काढला त्यांना मी एकदा विचारलं, राजवाड्यावर तुमचा एवढा राग का?

"राग कशाला?" ते म्हणाले. "राजवाडा कुणालाही सापडतो. जे सापडतंच, त्याच्यावर सुम्ने कागद कशाला घालवायचा?"

सुम्ने म्हणजे उगीच. हा शब्द त्यांच्या दर चौथ्या वाक्यात असे, आणि जगातल्या बऱ्याचशा गोष्टी त्यांच्या मते सुम्नेच चाललेल्या असत.

ते माझे घरमालक. धंद्याने शिंपी, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. मी साताऱ्याहून म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या एका कॉलेजात ग्रंथपालाच्या नोकरीवर आले होते. एकट्या बाईला खोली देण्यापूर्वी तिथल्या घरमालकांनी जे प्रश्न विचारले, ते नोकरीच्या मुलाखतीतही कुणी विचारले नव्हते. शेवटी कुणीतरी अग्रहारातला पत्ता दिला. मी तीन वेळा चुकून, चौथ्यांदा त्याच गाईपाशी येऊन, घामाघूम होऊन मास्तरांच्या दुकानात शिरले. त्यांनी गळ्यातल्या टेपशी खेळत एकच प्रश्न विचारला.

"रस्ता चुकलात?"

"हो."

"किती वेळ?"

"अर्धा-पाऊण तास."

त्यांचा चेहरा उजळला. "छान. वरची खोली तुमची. सामान कधी आणता?"

चुकणारा माणूस त्यांना का हवा होता, ते मला पुढे कळलं. त्यांचे आधीचे भाडेकरूही याच गुणावर निवडले गेले होते. मी आले तेव्हा नकाशा छापून पन्नासेक वर्षं झाली होती, तरी मास्तर अजून त्याची ट्रायल घेत होते.

ट्रायल म्हणजे कोटाची घेतात तीच. पन्नास वर्षांपूर्वी या गल्ल्यांत बाहेरची माणसं फार येत. कुणी वीणा शिकायला, कुणी योगासनं, कुणी नुसतंच लांब केस आणि मोकळा वेळ घेऊन. नाटक कंपनीतली माणसं इथेच खोल्या करून राहत, चित्रकार राहत, गाणारे राहत. जवळच्या एका लॉजच्या मालकाला वाटलं, पाहुण्यांसाठी चित्रांचा नकाशा करावा. चित्रकारांना विचारलं तर प्रत्येकाने दुसऱ्याला कसं येत नाही ते सांगितलं. मास्तर नाटक कंपनीचे कपडे शिवत. त्यांनी खाकी कागद अंथरला, खडू घेतला, आणि टेपने गल्ल्या मोजायला निघाले.

त्यांना नकाशा कसा काढतात ते माहीत नव्हतं. कोट कसा बेततात ते माहीत होतं. म्हणून त्यांनी गल्ल्या कोटासारख्या बेतल्या. वर उत्तर दिशा यायला हवी हे त्यांच्या गावीही नव्हतं. वर गळा आला, म्हणजे देवळासमोरची मोकळी जागा. दोन मोठे रस्ते बाह्यांसारखे दोन्हीकडे गेले. मग कच्ची शिवण झाल्यावर कोट जसा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवतात, तसा तो कच्चा नकाशा त्यांनी एका अनोळखी माणसाच्या हातात दिला आणि स्वतः दहा पावलं मागून चालू लागले. माणूस जिथे थबकला, तिथे 'आवळतंय' अशी खूण केली. घरी येऊन तेवढी गल्ली कागदावर सैल केली. परत दुसरा माणूस, परत दहा पावलं मागे. असे तीस-चाळीस अनोळखी लोक त्यांनी त्या गल्ल्यांतून चालवले.

परिणाम असा, की त्या नकाशात सरळ लांबलचक रस्ता बोटभर आहे आणि बारा पावलांचं एक वळण वीतभर. मोजणी खात्यातला माणूस पाहील तर आजारी पडेल. पण तो नकाशा हातात घेतलेला माणूस चुकत नाही. मी स्वतः चालून पाहिलं आहे, आणि मी चुकण्यात कमी नाही हे मास्तरांनीच प्रमाणित केलेलं आहे.

नकाशाच्या चारी बाजूंना दोन बोटं कोरी पट्टी आहे. ती कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "माया." कपडा शिवताना आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात, पुढे अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून, त्याला शिंपी माया म्हणतात. "अग्रहार काय कायम याच मापाचं राहणार, अल्वा?" अल्वा म्हणजे नाही का.

माझ्याशी ते मराठीत बोलत. घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ती मराठी कानडीच्या बाजूला इतकी झुकलेली होती, की काही वाक्यं मराठीत निघून कानडीत पोचत. मी सुरुवातीला त्यांचं एखादं वाक्य दुरुस्त करायची. एक दिवस ते म्हणाले, "लायब्ररी, तुमचं मराठी इस्त्रीचं. घडी मोडायची भीती वाटते. आमचं अंगावरचं आहे." त्यानंतर मी दुरुस्त करणं सोडलं. 'लायब्ररी' हे माझं नाव मात्र कायम झालं. "काय लायब्ररी, आज किती वेळा चुकलात?" ही त्यांची सकाळची विचारपूस. एकदाही चुकले नाही असं सांगितलं की त्यांना वाईट वाटे.

सत्कारांबद्दल त्यांचं एक मत होतं. म्हैसुरात कुणाचाही सत्कार झाला की डोक्यावर पेटा, म्हणजे तिथला फेटा, चढवतात. पूर्वी तो माणसाच्या डोक्यावर बांधत. आता शिवून तयार मिळतो, आत रबर असलेला, कुणालाही बसणारा. मास्तरांना तो दिसला की दात दुखल्यासारखा चेहरा होई. "हे टोपण आहे," ते म्हणत. "डबा उघडा राहू नये म्हणून." एका सेवानिवृत्त प्राचार्यांचा पेटा सभेत भाषण चालू असताना हळूहळू भुवयांवर उतरला, तेव्हा पहिल्या रांगेतून मास्तर उठले, व्यासपीठावर गेले, टेपने प्राचार्यांचं डोकं मोजलं, आतल्या बाजूने एक टाचणी मारली आणि खाली येऊन बसले. भाषण थांबलं नाही. प्राचार्यांनी नंतर सांगितलं, की समारंभात त्यांच्या डोक्याची कुणी दखल घेतली असेल तर ती एवढीच.

छापील नकाशाच्या खाली 'संकल्पना आणि निर्मिती' म्हणून लॉजमालकाचं नाव होतं. मास्तरांचं कुठेच नव्हतं. "त्याला काय," ते म्हणत, "कोटावर शिंप्याचं नाव कुणी बघतं?"

हे ऐकून काकू, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडल्या, "बघत नाही म्हणे! कपाटातली प्रत काढायची, कोपऱ्यात खडूने आपलं नाव लिहायचं. खडू झडतो. परत लिहायचं. लग्न झाल्यापासून बघते मी!"

मास्तरांनी शिलाईच्या मशिनचं पायडल जोरात मारायला घेतलं. मशिनवर कापड नव्हतं.

मग काही वर्षांपूर्वी जुन्या वस्तूंची आवड असलेल्या परदेशातल्या कुणीतरी हा नकाशा इंटरनेटवर टाकला, आणि आपल्याकडे काहीतरी मौल्यवान आहे ही बातमी नेहमीप्रमाणे बाहेरून आली. भागातल्या प्रतिष्ठितांची एक वारसा समिती झाली. अध्यक्ष निवृत्त इंजिनियर होते. ज्यांच्या सह्या सहीसारख्या दिसत नाहीत, निकालासारख्या दिसतात, त्यांतले. तीन सभासदांना घेऊन ते मास्तरांच्या घरी आले. नकाशा पुन्हा छापायचा, समारंभ करायचा, नकाशा हातात घेऊन पाहुण्यांची पदयात्रा काढायची असं ठरलं होतं.

"फक्त किरकोळ दुरुस्त्या," अध्यक्ष म्हणाले. "राजवाडा थोडा मोठा करू."

"करा," मास्तर म्हणाले. "बटण मोठं झालं म्हणून कोट बिघडत नाही."

"आणि ही बाई काढून टाकू."

मास्तरांनी चष्मा वर केला. "कुठली?"

"ही खिडकीतली. नाटकवाली. शाळेची मुलं बघणार, मोठे पाहुणे येणार. कुणी काय समजेल?"

"काय समजेल? बाई खिडकीत बसलीय असं समजेल."

"तसं नाही हो मास्तर. तुम्हाला कळतंय मी काय म्हणतो ते."

"कळतंय," मास्तर म्हणाले. "म्हणून तर विचारलं."

अध्यक्षांनी विषय बदलला. खाली, मधोमध, मोठ्या अक्षरांत मास्तरांचं नाव घालायचं समितीने एकमताने ठरवलं होतं. लॉजमालकाचं जाणार, मास्तरांचं येणार. चित्रकार म्हणून.

मास्तरांनी गळ्यातली टेप बोटाभोवती गुंडाळायला घेतली. आतून काकूंच्या भांड्यांचा आवाज थांबला. टेप पूर्ण गुंडाळून झाल्यावर मास्तर म्हणाले, "चित्रकार नको. शिंपी घाला." आणि टेप परत गळ्यात अडकवत, "विचार करून सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा ते दुकानात इस्त्री करत होते. मान वर न करता म्हणाले, "लायब्ररी, ती नटी माझी कोण होती असं तुम्हाला वाटतं?"

मी म्हटलं, लोकांना वाटतं तेच मला वाटायचं, पण विचारायचा धीर झाला नाही.

"माझ्याकडून डझनभर पोलकी शिवून घेतली. एकाही पोलक्याला बरं म्हणाली नाही. एवढंच नातं." त्यांनी इस्त्री उभी केली. "नोडी, हे बघा, पहिल्यांदा मी नकाशात घरं काढली होती. घरंच घरं. ट्रायल घेतली. तालमीच्या पुढे फाटा आहे ना, दोन्ही गल्ल्या सारख्या दिसतात, तिथे प्रत्येक माणूस डावीकडे वळायचा. डावीकडे पुढे रस्ताच नाही, गोठा आहे. मी कागदावर ती जागा सैल करतोय, सैल करतोय, तरी माणूस गोठ्यात. ही वर खिडकीत बसून विडा खात बघायची. माणूस आला की ओरडायची, 'उजवीकडे रे बाबा!' एक दिवस मला वर बोलावलं. म्हणाली, 'मास्तर, घरं काय काढतोस? घराला तोंड असतं काय? माणसं काढ. चुकलेला माणूस घराला विचारत नाही.' मग म्हणाली, 'आणि मला इथे काढ, मोठी. म्हणजे माझा घसा वाचेल.'"

"मग तुम्ही सगळी माणसं काढलीत."

"ती सुचवली तिनं. मी बेतली." त्यांनी इस्त्री परत कपड्यावर टेकवली. "अर्धा नकाशा तिचा आहे. आणि हे म्हणतात, तिला काढून टाका आणि माझं नाव घाला."

त्याच संध्याकाळी ते अध्यक्षांकडे जाऊन सांगून आले, की माझं नाव नको, पण बाई राहू द्या. अध्यक्ष म्हणाले, "बघतो." मोठ्या माणसांचं 'बघतो' म्हणजे काय, हे मास्तरांना माहीत असायला हवं होतं. पण ते खुशीत परत आले.

समारंभाच्या दोन दिवस आधी छापील प्रत घरी आली. कागद गुळगुळीत होता. राजवाडा बशीएवढा झाला होता. खिडकीच्या जागी समितीच्या चित्रकाराने लाल फुलांचं एक झाड काढलं होतं. आणि खाली, मधोमध, मास्तरांचं नाव होतं.

काकूंनी हात पुसले, प्रत देवापुढे ठेवली, त्या नावाला हळदकुंकू लावलं, आणि त्या पदर डोळ्यांना लावून तिथेच बसून राहिल्या. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून अक्षरं मोजली.

"पाऊण इंच," ते हळू म्हणाले. मग बोट नावावरून एकदा डावीकडून उजवीकडे नेलं. कुंकू लागलं ते पुसलं नाही. ऐंशीच्या पुढे गेलेला माणूस, आणि त्याला जे हवं होतं ते इतक्या वर्षांनी समोर पडलेलं. मी मनात म्हटलं, असू दे, घ्या मास्तर. ती बाई जाऊन किती वर्षं झाली. तुम्ही आता कुणाचं देणं लागत नाही.

शेवटी त्यांनी तेच बोट झाडावर ठेवलं. "झाड छान काढलंय," ते म्हणाले. "पण तिथे झाड नाही."

रविवारी सकाळी पदयात्रा निघाली. साठ-सत्तर माणसं, प्रत्येकाच्या हातात नवा नकाशा. पुढे प्रमुख पाहुणे, त्यांच्या शेजारी अध्यक्ष. शेवट सभागृहात, तिथे मास्तरांचा सत्कार. ते आधीच सभागृहात पोचले असतील असं सगळ्यांना वाटत होतं. मी मधल्या घोळक्यात होते. तालमीपर्यंत सगळं नीट चाललं. फाट्यावर आलो आणि पुढची माणसं थांबली. सगळे लाल फुलांचं झाड शोधू लागले.

झाड नव्हतं. नटीच्या घराखाली आता झेरॉक्सचं दुकान आहे; वर ती खिडकी, पत्रा मारून बंद केलेली. आणि दुकानाच्या पायरीवर, स्वतः शिवलेला बंद गळ्याचा कोट घालून, मास्तर उभे होते.

"इकडे झाड नाही सर," ते प्रमुख पाहुण्यांना कानडीत म्हणाले. "वर बघा. त्या खिडकीत एक नटी बसायची. अनोळखी माणूस चुकला की वरून सांगायची, उजवीकडे. नकाशात माणसं काढावीत हेसुद्धा तिनंच सांगितलं. अर्धा नकाशा तिचा. आता उजवीकडे वळा."

प्रमुख पाहुण्यांनी वर पाहिलं, नकाशात पाहिलं, परत वर पाहिलं आणि उजवीकडे वळले.

अध्यक्ष मागे राहिले. "मास्तर, तुमचा सत्कार आहे! इथे काय करताय तुम्ही?"

"वाट दाखवतोय."

"अहो, नकाशा आहे ना सगळ्यांकडे!"

"आहे," मास्तर अगदी आदराने म्हणाले. "त्यात एवढं राहून गेलंय."

एव्हाना मागून दुसरा घोळका आला होता आणि मास्तरांनी त्याला इंग्रजीत सुरुवात केली होती. मग तिसरा. दर वेळी तेच, तितक्याच शब्दांत: खिडकी, नटी, अर्धा नकाशा तिचा, आता उजवीकडे वळा. तावातावाने नाही, तक्रारीने नाही. मापं सांगतात तसं. कॉलेजची दोन मुलं त्यांचं न ऐकता डावीकडे गेली. थोड्या वेळाने गोठ्यातून परत आली आणि पायरीजवळ उभी राहून त्यांनीही सगळं ऐकून घेतलं.

मी पुढे जाऊ शकले असते. गेले नाही. झेरॉक्सच्या दुकानाला टेकून तासभर उभी राहिले आणि प्रत्येक वेळी ते वाक्य नव्याने ऐकलं. शेवटी काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना वळवून झालं, तेव्हा कुठे मास्तर पायरी उतरले. मला कुणाचा अभिमान वाटावा अशी माझी सहसा तयारी नसते. त्या दिवशी मी त्यांच्या मागून, दहा पावलं अंतर ठेवून, सभागृहापर्यंत चालत गेले.

सत्काराला ते सगळ्यात शेवटी पोचले. प्रमुख पाहुण्यांचं भाषण सुरू झालं होतं आणि ते पूर्णपणे नटीवर होतं. वाटेत त्यांना खात्रीने कळलेली गोष्ट तेवढीच होती. अध्यक्ष टाळ्या वाजवत होते. दुसरा इलाज नव्हता.

महिन्याभरात अध्यक्ष पुन्हा घरी आले, या वेळी एकटे. पाहुणे झाडाची चौकशी करतात, नटीची करतात, लोक गोठ्यात जातात, गोठेवाला तक्रार करतो. दुसऱ्या छपाईत खिडकी परत घालतो, म्हणाले. "आणि तुमचं नाव तसंच राहील."

"माझं काढा," मास्तर म्हणाले. "तिथे तिचं घाला."

"दोन्ही घालू की! अक्षर थोडं बारीक केलं तर बसतील."

"बेडा." नको. "दोन नावं शेजारी दिसली की लोक विचारणार, दोघांचं नातं काय. तुम्हीच विचारलं असतंत. एकच नाव राहू दे. मग कुणी काय समजायचं ते तिच्या कामावरून समजेल."

आतून काकू बाहेर आल्या. त्यांचा चेहरा पाहून मी जिन्याकडे सरकले. त्यांनी नवऱ्याकडे एकदा बघितलं. मग अध्यक्षांकडे वळल्या.

"तिचंच घाला. नाहीतर हे रोज त्या फाट्यावर जाऊन उभे राहतील आणि गुडघे मला चोळत बसावं लागेल."

मग आत जाऊन त्यांनी अध्यक्षांसाठी कॉफी केली. मास्तरांना दिली नाही. दोन दिवस दिली नाही.

दुसरी छपाई आता अग्रहारातल्या प्रत्येक दुकानात मिळते. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी ती भिंतीवर लावली आहे. विद्यार्थी खालचं नाव वाचून विचारतात, हे एकटीनं काढलं? मी सांगते, एका शिंप्यानं आणि एका नटीनं. शिंप्याचं नाव? ते त्यांनी छापू दिलं नाही, म्हणून मीही सांगत नाही, आणि या लेखात कुठे घातलेलं नाही.

तिचं नाव मात्र छापलेलं आहे, पाऊण इंचाच्या अक्षरांत. पण तेही इथे देणार नाही. ते वाचायचं असेल तर अग्रहारात यावं लागेल.